डे-केअर काही महिने वापरल्यावर: खेळ उत्तम, हवा कोंदट, खोकल्याची तयारी कागदावरच

पुण्याच्या पश्चिम भागातल्या कुत्र्यांच्या एका डे-केअरबद्दल हे लिहिलं आहे. नाव देत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी अशा कुठल्याही ठिकाणी सापडतील. उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतचा वापर आहे. कुत्री दोन: एक इंडी (देशी) आणि एक शित्झू. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तीच जागा वेगळी भोवते, म्हणून जातही सांगितली.

आधी चांगलं. पहिल्या दिवशी कुत्र्याला थेट कळपात सोडत नाहीत. जाळीच्या पलीकडून ओळख, मग एका शांत कुत्र्यासोबत अर्धा तास, मग गट. गट वजनावर नाही, खेळण्याच्या पद्धतीवर पाडतात, आणि हे फार कमी जण करतात. खेळताना गळपट्टे काढून ठेवतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघंही घाबरून ओढतात आणि श्वास कोंडतो, तो धोका यामुळे टळतो. एका माणसामागे आठ-दहा कुत्री, त्यापेक्षा जास्त नाहीत. दुपारी एक ते तीन सक्तीची झोप. दिवसभर अखंड खेळणारं कुत्रं दमत नाही, चेकाळतं, भुंकून घसा बसवून घेतं आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मलूल पडतं. त्या दोन तासांसाठी या लोकांना पूर्ण गुण.

आता खोकला. दिवाळीत लोक गावी जातात, बोर्डिंग (मुक्कामाची सोय) भरतं, आणि एरवी कधी न आलेली कुत्री त्याच हॉलमध्ये येतात. भाऊबीज उलटून आठवडा झाला की ढास लागलेल्या कुत्र्यांचे व्हिडिओ ग्रुपवर यायला लागतात. संसर्ग झाल्यापासून खोकला सुरू व्हायला साधारण 2 ते 10 दिवस लागतात, आणि त्यातले शेवटचे काही दिवस कुत्रं दिसायला ठणठणीत असूनही जंतू पसरवत असतं. त्यामुळे ‘आमच्याकडे आजारी कुत्रं घेत नाही’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो. खोकणारं कुत्रं दारात ओळखता येतं, खोकणार असलेलं येत नाही.

केनेल कफ, म्हणजे हाच खोकला, एक आजार नसून जंतूंचा गोतावळा आहे. बोर्डेटेला ब्रॉन्किसेप्टिका हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा, अडिनोव्हायरस-2, श्वसनमार्गाचा कोरोना विषाणू (माणसांच्या कोविडचा नव्हे), मायकोप्लाझ्मा आणि काही देशांत कुत्र्यांचा फ्लू. बहुतेक वेळा दोन-तीन मिळून येतात. बोर्डेटेला श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांना चिकटतो आणि त्यांची हालचाल थांबवतो. कफ वर ढकलणारा झाडूच बंद पडल्यामुळे मागून आलेल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. ते केस पुन्हा कामाला लागेपर्यंत खोकला राहतो. म्हणून एक ते तीन आठवडे खोकला टिकला म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं समजू नये.

लसीकरणाचं कार्ड हे डे-केअर तपासतं, पण अर्धवट. काउंटरवर ‘नाइन-इन-वन झालंय ना?’ एवढंच विचारतात. भारतात मिळणाऱ्या सेव्हन-इन-वन, नाइन-इन-वन लसींत डिस्टेंपर आणि पार्व्हो हे जीवघेणे विषाणू, अडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टो या जिवाणूचे प्रकार असतात. बोर्डेटेला नसतो. त्याची लस वेगळी घ्यावी लागते. इंजेक्शनची असेल तर पहिल्यांदा 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि मग दरवर्षी एक. नाकात सोडायची असेल तर एकच डोस पुरतो आणि बोर्डेटेलापुरतं संरक्षण तीन-चार दिवसांत सुरू होतं, पॅराइन्फ्लुएन्झासाठी मात्र सुमारे तीन आठवडे लागतात. इंजेक्शनचा पहिला डोस आज देऊन उद्या कुत्रं कळपात सोडलं तर कार्डावर शिक्का असतो आणि अंगात काहीच नसतं. प्रवेशाच्या फॉर्मवर लसीची तारीख आणि प्रकार, दोन्ही लिहायला रकाना हवा. इथे नव्हता. सांगितल्यावर केला, ही जमेची बाजू.

नाकातल्या लसीबद्दल दोन गोष्टी व्हेटकडे (पशुवैद्याकडे) घाईत राहून जातात. ती जिवंत जंतूंची असते, म्हणून कुत्रं अँटिबायोटिकवर असताना देऊन उपयोग नाही. आणि दिल्यावर काही दिवस शिंका किंवा हलका खोकला येऊ शकतो, तेव्हा तो आठवडा डे-केअरला सुट्टी द्यावी. घरात केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेलं कुणी असेल तर ही लस घेण्याआधी व्हेटला तसं सांगावं. मांजर असेल तर तिलाही बोर्डेटेला होऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

लस घेतलेली कुत्रीही खोकतात. लस आजार हलका करते, टाळण्याची हमी देत नाही. ‘लस दिली होती तरी झाला’ म्हणून डे-केअरवर राग काढण्यात अर्थ नाही. राग काढायचाच असेल तर हवेवर आणि भांड्यांवर काढा.

इथला हॉल साधारण 20 बाय 15 फूट, उंची 10. दोन स्प्लिट एसी, काचेची दारं, जाहिरातीत ‘फुल्ली एअर-कंडिशन्ड’. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही. दुपारच्या झोपेत दारं बंद असताना छोटा कार्बन डायऑक्साइड मीटर ठेवून पाहिला तर आकडा 1800 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 1800 भाग) वर गेला. बाहेरच्या हवेत तो 420-430 च्या आसपास असतो. हा वायू त्या पातळीला कुत्र्याला आजारी करत नाही, पण पंधरा कुत्र्यांनी सोडलेला श्वास तिथेच फिरतोय एवढं तो स्पष्ट सांगतो. 800 च्या आत ठेवता आला तर उत्तम.

उपाय महागडा नाही. 20 × 15 × 10 म्हणजे 3000 घनफूट, म्हणजे साधारण 85 घनमीटर. कुत्र्यांच्या खोलीत हवा तासाला 10 ते 15 वेळा बदलावी असं धरतात. 12 धरली तर ताशी सुमारे 1020 घनमीटर. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर घनमीटर प्रति तास हा आकडा छापलेला असतो, तो पाहून फॅन घ्यायचा, इंच पाहून नाही. आणि फॅनसमोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, हवा आत यायला तेवढीच मोकळी जाळी हवी. ती नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. इथे नेमकं हेच झालं: फॅन बसवला, जाळी नाही. नंतर दाराखालची फट वाढवली, तेव्हा मीटरचा आकडा उतरला. एसी 26-27 वर ठेवला तरी भागतं. वीजबिल वाढतं हे खरं, पण ते डे-केअर दिवसाला घेतं त्या 700 रुपयांत बसायला हवं.

‘आयसोलेशन रूम’ हे नाव ऐकून भुलू नका, जाऊन बघा. इथली खोली म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात उभं केलेलं प्लायवुडचं पार्टिशन, छतापासून दीड फूट खाली थांबलेलं. वरून हवा एकच. वेगळी खोली म्हणजे वेगळं दार, वेगळा फॅन, वेगळी भांडी, आणि तिथलं काम दिवसाच्या शेवटी करणारा माणूस. नाहीतर सरळ फोन करून मालकाला बोलवा आणि तोपर्यंत कुत्रं अंगणात सावलीत बांधा. तेच जास्त सुरक्षित.

भांडी: स्टीलची आहेत, हे चांगलं. पण दिवसभर वरून पाणी ओतत राहायचे, घासायचे संध्याकाळी. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागायचा. दुपारी एकदा साबणाने घासून नवं पाणी भरलं तर एवढ्यानं खूप फरक पडतो. दोरीची खेळणी दिवसभर लाळेने भिजून ओलीच राहतात, ती सामाईक नकोत. रबराची धुता येतात. दारावर सगळ्यांना एकच फासाचा पट्टा घालायचे, तो आता प्रत्येकाचा आपापला असतो.

फरशी पुसायला फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, हा आपला जुना गैरसमज. आधी साबणाने मळ काढायचा, मग जंतुनाशक. मळावर ओतलेलं ब्लीच मळाशी लढण्यातच संपतं. ब्लीच 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असेल तर लिटरभर पाण्यात 30 मिली, दहा मिनिटं फरशी ओली राहू द्यायची, मग साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची आणि नंतर कुत्री आत. द्रावण रोज ताजं करावं, कॅन उन्हात ठेवू नये. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत ते कधीही मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो. खोकल्याचे बरेचसे जंतू साध्या जंतुनाशकानेही मरतात. अडिनोव्हायरस चिवट असतो आणि पार्व्हो त्याहून चिवट, म्हणून ब्लीच.

सगळ्यात मोठी तक्रार निरोपाची. पहिलं कुत्रं खोकल्यावर ग्रुपवर कळवायला चार दिवस लावले. तोवर पुढची फळी घरी जंतू घेऊन गेलेली. नाव न घेता, त्याच दिवशी ‘अमुक तारखेला हॉलमध्ये असलेल्या एका कुत्र्याला खोकला आहे, तुमच्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा’ एवढं लिहायला काय जातं? गिऱ्हाईक तुटेल ही भीती असते. प्रत्यक्षात उशिरा कळलं म्हणूनच गिऱ्हाईक तुटतं.

घरी खोकला सुरू झाला तर. आवाज कोरडा, हंसासारखा, शेवटी ओकारी आल्यासारखं करून पांढरा फेस. बहुतेकांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि बोट घालायला जातात. घालू नका. व्हिडिओ काढा आणि व्हेटला पाठवा, अर्धं निदान त्यातच होतं. दवाखान्यात जायचं ठरलं तर आधी फोन करा आणि कुत्र्याला गाडीतच थांबवा. वेटिंगमध्ये बसलेल्या दीड महिन्याच्या पिल्लाशेजारी नको. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, फिरणं फक्त शी-शूपुरतं, खाणं कोमट पाण्यात भिजवून. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत दहा-पंधरा मिनिटं बसवलं की कफ सैल होतो. शित्झू-पगला मात्र कोंडलेली उष्णता सोसत नाही, त्यांच्यासाठी व्हेटला विचारून सलाइनचा नेब्युलायझर.

रोज दोन आकडे लिहून ठेवा. गाढ झोपेतला श्वास: छाती वर-खाली म्हणजे एक, 30 सेकंद मोजून दुप्पट. मिनिटाला सतत 30 च्या वर जात असेल तर वाट पाहू नका. ताप गुदद्वारातून डिजिटल थर्मामीटरने: 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचा, 103 च्या पुढे गेला तर फोन. खाणं सुटलं, खोकला ओला झाला, नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड आला, तर न्युमोनियाची शंका. हिरड्या निळसर दिसल्या तर त्याच क्षणी निघा. पिल्लू असेल आणि डोळ्यांत चिपडं, जुलाब, अंगाला झटके असं काही दिसलं तर तो डिस्टेंपर असू शकतो, आणि आपल्याकडे तो अजून हटलेला नाही. म्हातारं लहान कुत्रं रात्री खोकत असेल तर हृदय तपासा, पॉमेरेनियन असेल तर श्वासनलिका. प्रत्येक खोकला डे-केअरहून आलेला नसतो.

खाणारं, खेळणारं, ताप नसलेलं कुत्रं बहुधा औषधाविना बरं होतं. पहिल्याच दिवशी अँटिबायोटिकचा हट्ट धरू नका. ताप किंवा सुस्ती असेल तर व्हेट बहुधा डॉक्सीसायक्लिन निवडतात. ती गोळी कोरडी घशात टाकू नये, अन्ननलिकेला इजा होते. खाण्यासोबत द्यावी आणि वर पाणी पाजावं. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सर्दीच्या गोळ्या, शुगर-फ्री खोकल्याचं औषध: काहीही नको. शुगर-फ्री औषधांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याचा जीव घेऊ शकतं.

2023 च्या शेवटी अमेरिकेतल्या ओरेगन वगैरे राज्यांतून ‘कुत्र्यांचा गूढ आजार’ म्हणून बातम्या आल्या, आणि त्यांचे फॉरवर्ड अजून फिरतात. सगळ्याचं मूळ असलेला एकच नवा जंतू काही सिद्ध झाला नाही. तिकडे राहणाऱ्यांनी मात्र कुत्र्यांच्या फ्लूची लस व्हेटला जरूर विचारावी. 2015 मध्ये शिकागोत एच3एन2 या कुत्र्यांच्या फ्लूची साथ पसरली तेव्हा कळपात राहणारी कुत्रीच जास्त सापडली होती. ती लसही दोन डोसांची आहे.

परत कधी पाठवायचं? खोकला सुरू झाल्यापासून किमान 14 दिवस घरी, आणि खोकला पूर्ण थांबल्यावरही आणखी काही दिवस. बोर्डेटेला बरं झाल्यावरही काही आठवडे बाहेर पडत राहू शकतो, त्यामुळे शंभर टक्के सुरक्षित तारीख नसते. इथे अडचण पैशांची: महिन्याचं पॅकेज घेतलं की गैरहजेरीचे दिवस बुडतात. मग लोक खोकला ‘आता कमी आहे’ म्हणत सातव्या दिवशी कुत्रं आणून सोडतात. व्हेटची चिठ्ठी दाखवल्यास ते दिवस पुढच्या महिन्यात ढकलायला आता कबूल झालेत, पण तोंडी. लेखी मागितलंय. इंडीचं पॅकेज चालू ठेवलं आहे, शित्झूचं दिवाळी आणि मे महिन्याच्या गर्दीत बंद. लसींचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू असतं तर मुळीच पाठवलं नसतं.