मुंबईच्या फ्लॅटमधे झोपाळा: कड्यांचा, स्टँडचा की दोरीचा?

बजेट पंधरा-वीस हजारांच्या आत आणि घर मुंबईतलं, मग झोपाळ्याचे पर्याय तीनच उरतात. स्लॅबला आकडे मारून कड्या आणि लाकडी फळी, नाहीतर अंड्याच्या आकाराचा स्टँडवाला झुला, नाहीतर एका हुकवर टांगायचा दोरीचा मॅक्रमे झुला. माझं मत आधीच सांगते, घर स्वतःचं असेल आणि स्लॅब धडधाकट असेल तर फळीचाच झोपाळा घ्या, बाकीचे दोन नाईलाज म्हणून.

भाड्याच्या घरात असाल तर विषय तिथेच संपतो, अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवर कोणी दुसऱ्याच्या स्लॅबला भोकं पाडू नये, सरळ स्टँडवाला घ्या. साधारण सहा ते बारा हजारात येतो, घर सोडताना खोलून टेम्पोत टाकता येतो.

पण मग फळीचा हट्ट कशाला? कारण झोक्याचा वेग ठरतो लांबीवर, वजनावर नाही. नऊ फुटी छतापासून कड्या सोडल्या की एक झोका जाऊन परत यायला पावणेतीन-तीन सेकंद लागतात, तो संथ झोका म्हणजेच तर झोपाळा, त्याच्यावर बसून भाजी निवडता येते, बाळ झोपवता येतं. स्टँडवाल्याची लोंबती लांबी कमी, त्यात मागे दांडा, त्यामुळे तो दोन-सव्वादोन सेकंदांत डुलतो आणि फार लांब जातच नाही. पुस्तक घेऊन एकट्याने बसायला मस्त आहे, दोघांनी बसून गप्पा मारायला नाही.

आता खरा मुद्दा, छतातले आकडे. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींत आकडे सागवानी तुळईला असायचे, पिढ्यानपिढ्या टिकले. आपल्याकडे आरसीसी स्लॅब, साधारण चार ते सहा इंच जाड, आणि त्याच्या खालच्याच बाजूला लोखंडी सळ्या. हिशोब करा, दोन माणसं 140 किलो, फळी आणि कड्या मिळून 30, झाले 170, आणि झोका 45 अंशांपर्यंत गेला की खाली येताना ओढ दीड पटीच्याही वर म्हणजे 270 किलोच्या आसपास जाते. चार आकडे असले की हे वजन वाटलं जातं, दोनच असले की प्रत्येकावर 135 येतं, आणि शिवाय फळी आडवी हेलकावे खाते ते वेगळंच. म्हणून चार आकडेच घ्या, दोनाच्या खर्चात फार काही वाचत नाही.

पंख्याच्या हुकला झोपाळा अडकवायचा विचारसुद्धा करू नका, पीओपीच्या फॉल्स सीलिंगला तर बिलकुल नाही, भोक त्याच्या आरपार जाऊन खऱ्या स्लॅबमधेच गेलं पाहिजे. दहा किंवा बारा एमएमचे चांगल्या कंपनीचे अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचे) वापरा, भोक पाडताना सळी लागली तर ती कापायची नाही, भोक सरकवायचं. नवीन टॉवरमधे वायरिंगचे पाइप स्लॅबच्या आतूनच गेलेले असतात, आणि काही इमारतींत पोस्ट टेन्शन स्लॅब असतो म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात, तिथे ड्रिल मारणं धोक्याचंच, म्हणून सोसायटीकडून किंवा बिल्डरकडून आधी विचारून घ्या. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी झालेली असायला हवी, तो रिपोर्ट मागून वाचा. छतात ओल असेल, प्लॅस्टर फुगलं असेल, गंजाचे डाग दिसत असतील तर आतल्या सळ्या गंजायला लागल्यात असं धरा आणि तिथे काहीही टांगू नका. स्वतःचं घर असलं तरी अशा वेळी स्टँडवालाच.

पैसे वाचवायचे ते लाकडात वाचवा, आकड्यांत आणि मजुरीत नाही. नवीन सागवान महाग, पण पाडलेल्या जुन्या घरांचे दरवाजे-चौकटी ओशिवरा, जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत शोधल्या तर मिळतात, सुताराकडून रंधा मारून दीड इंच जाडीची साडेचार फुटी फळी काढून घेतली की काम झालं, जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं त्यामुळे पावसाळ्यात वाकायची भीती कमी. फास्टनर, साखळ्या नागदेवी स्ट्रीटला. पितळी कड्या दिसायला सुंदर, पण बजेट खाऊन टाकतात, स्टेनलेस स्टीलच्या घ्या. वरळी, वांद्रे असं समुद्राजवळ राहात असाल आणि झोपाळा वाऱ्यात असेल तर 304 पेक्षा 316 ग्रेड बघा, खाऱ्या हवेत तोच जास्त टिकतो. करकर आवाज यायला लागला की वरच्या मजल्यावर पण ऐकू जातो बरं, कडीच्या सांध्यात ग्रीस लावत राहा.

मॅक्रमेबद्दल थोडक्यात. दीड-तीन हजारात येतो, सगळ्यात स्वस्त, पण सगळं वजन एकाच हुकवर, म्हणजे हुकचा खर्च आणि काळजी तेवढीच. सुती दोरी जून ते सप्टेंबर धड वाळत नाही, बुरशी धरते, त्यामुळे बाल्कनीत नकोच.

स्टँडवाल्याचं दुखणं म्हणजे गंज. पावडर कोटिंग वेल्डिंगच्या जोडापाशी आणि खालच्या पायाशी आधी उडतं, आणि बाल्कनीत पाणी साचतं ते नेमकं तिथेच. घेताना पायाचा घेर मोजा, साधारण साडेतीन फूट जागा तो कायमची अडवतो, फळी निदान साखळीने वर ओढून ठेवता येते. फळीला मात्र पुढेमागे तीन-तीन फूट मोकळं लागतं, टीव्ही किंवा काचेचं कपाट समोर नको.

आणि घरात लहान मूल असेल तर तिन्हीपैकी कुठलाही झोपाळा उघड्या रेलिंगच्या बाल्कनीत लावू नका. झोपाळ्यावर उभं राहिलं की रेलिंग पोराच्या जेमतेम कमरेपर्यंत येतं. आधी वरपर्यंत ग्रिल बसवा, तेवढं बजेट नसेल तर झोपाळा हॉलमधेच, खिडकीपासून लांब.