पुस्तक वाचून दाखवणाऱ्या ॲपचा आवाज: जवळजवळ वर्षभर वापरल्यावर

वर्षाचं सबस्क्रिप्शन संपत आलंय, रिन्यू करा म्हणून रोज नोटिफिकेशन येतंय, म्हणून लिहितोय. ॲपचं नाव देत नाही, ई-बुक टाकलं की मोठ्याने वाचतं त्यातलं एक. आईला हल्ली बारीक अक्षर वाचवत नाही आणि तिला हवी असलेली सगळी जुनी पुस्तकं माणसाच्या आवाजात मिळत नाहीत. विकिस्रोत या साइटवर बरीच फुकट आहेत, लेखक जाऊन ६० वर्षं झाली की कॉपीराइट संपतो ना.

आधी तो भारदस्त पुरुषी आवाज घेतला, सँपलमध्ये एक नंबर वाटला. पण सँपल म्हणजे प्रस्तावना, त्यात घरातलं बोलणं नाहीच. गोष्ट सुरू झाली आणि चूल, चोर, जाऊ, जावई सगळ्यांना चहातला च आणि जेवणातला ज. आई म्हणाली बंद कर, हा आपल्यातला नाही. एवढ्याशा च-ज साठी काय असं म्हणू नका, कान तिथेच अडकतो आणि पुढचं वाक्य निसटून जातं.

मशीनला अवघड आहे हे मान्य, लिपीत दोन्हींना एकच अक्षर. 'माझे मित्र' मधला झ वेगळा, 'माझे घर' मधला वेगळा. पण मराठी आवाज म्हणून पैसे घेताय तर हे यायलाच पाहिजे! कस्टमर केअरला मेल केला तर उत्तर काय, स्पीड कमी करून बघा. स्पीडचा काय संबंध?? शेवटी फाइलमध्ये ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब, टाकून बघितलं, ज़ाऊ, ज़ावई, तर ते बरोबर वाचलं. च ला मात्र काही फरक नाही, आणि अख्ख्या पुस्तकात कोण हाताने नुक्ते देत बसणार.

एक स्टार देणार होतो, पण मागच्या अपडेटमध्ये बाईचा एक साधा आवाज आलाय. सपाट आहे, रडण्याच्या जागीही सूर बदलत नाही, पण च-ज बहुतेक ठिकाणी बरोबर आणि आई दुपारभर ऐकते. म्हणून तीन स्टार.

कुणी घेणार असाल तर सँपलवर जाऊ नका, 'बैलाला चार पेंढ्या चारा घाल, माझे मित्र माझे घर शोधत आले' एवढं टाइप करून प्रत्येक आवाजात ऐका. मी वर्षाचं रिन्यू करणार नाही, महिना-महिना घेईन, महाग पडलं तरी. पुढच्या अपडेटला हा आवाज काढून टाकला तर वर्षाचे पैसे अडकायला नकोत.