गाडीतल्या जुन्या रेडिओचा आवाज गेला: मूळ सर्किट दुरुस्त करावं की आयसीचं बोर्ड बसवावं?

वडिलांच्या फियाटमधला रेडिओ गेल्या पावसाळ्यात बसला. दिवा लागायचा, काटा सरकायचा, पण आवाज बारीक आणि चिरका, घसा बसलेल्या माणसासारखा. सांगलीतल्या एका दुकानात नेला तर न उघडताच उत्तर मिळालं, "यात आता काही राहिलं नाही, नवा स्टिरिओ टाका." साताऱ्यातल्या माझ्या मित्राच्या अँबॅसिडरमधला रेडिओही त्याच सुमारास बंद पडला. त्याने आतला ऑडिओचा, म्हणजे आवाज मोठा करणारा भाग काढून आयसीचं (एका चिपमधल्या तयार ॲम्प्लिफायरचं) बोर्ड बसवलं, मी मूळ सर्किटच दुरुस्त केलं. आज दोन्ही वाजतात. पण दोघांचा खर्च, कष्ट आणि आवाज यांत बराच फरक आहे.

नव्या स्टिरिओचं आधी सांगून टाकतो. त्याला १८० बाय ५० मिलिमीटरची चौकट लागते. जुन्या डॅशबोर्डला दोन बटणांची भोकं आणि मधे काट्याची पट्टी एवढीच जागा असते, म्हणजे पत्रा कापणं आलं. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही. गाणी मोठ्याने ऐकायचीच असतील तर छोटा ॲम्प्लिफायर सीटखाली लपवा, पण डॅशला हात लावू नका.

आता खरी निवड. त्याआधी एक चाचणी करा, कारण कित्येक रेडिओंचा ऑडिओचा भाग धडधाकट असतो आणि दोष पुढच्या, म्हणजे स्टेशन पकडणाऱ्या भागात असतो. रेडिओ चालू करून व्हॉल्यूमच्या बटणामागच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथे डिटेक्टरकडून (लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाकडून) सिग्नल येतो तिथे, स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा आणि त्याच्या धातूला बोट लावा. स्पीकरमधून घुंई आली तर ऑडिओ जिवंत आहे. मग दुरुस्ती की बोर्ड ही निवड तुम्हाला लागू नाही. पहिल्यांदा करंट देताना वायरमध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि ट्रान्झिस्टर वाचेल. स्पीकर न जोडता मात्र सेट चालवू नका.

माझ्या रेडिओत सापडलं ते अगदी साधं होतं: सुकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. इतक्या वर्षांत आतलं रसायन वाळतं, क्षमता घटते, आणि सर्वांत आधी खर्ज जातो. म्हणून तो चिरकेपणा. कपलिंगचे, एमिटरचे आणि सप्लायचे असे सगळे एकदमच बदलले. सर्व २५ व्होल्टचे घ्या, कारण गाडी चालू असताना सप्लाय १४ व्होल्टच्या वर जातो. जुना काढण्याआधी फोटो घ्या. पीएनपी (उलट ध्रुवावर चालणाऱ्या) ट्रान्झिस्टरच्या सर्किटमध्ये कपॅसिटरची धन-ऋण बाजू अनेक ठिकाणी आपल्या सवयीच्या उलट असते, आणि अंदाजाने लावला की फुटतो. व्हॉल्यूम फिरवताना येणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने गेली. एकूण खर्च दोनशेच्या आत, पण दोन रविवार गेले.

ट्रान्झिस्टर गेलेला असेल तर गणित बदलतं. एसी १२८सारखे जर्मेनियम ट्रान्झिस्टर आता जुन्या साठ्यातूनच मिळतात आणि त्यातले बरेच गळके निघतात. त्याच्या जागी सिलिकॉनचा ठोकायचा मोह होतो, पण जर्मेनियमला बेसवर (ट्रान्झिस्टरच्या नियंत्रणाच्या पायावर) ०.२-०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६च्या वर लागतात. बायस, म्हणजे बेसला दिलेला हा व्होल्टेज, न बदलता घातलात तर कमी आवाजावर सूर फाटतो, जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यासारखा. तंबोऱ्यांच्या मिरजेशेजारी राहणाऱ्या माणसाच्या कानांतून हे सुटत नाही. जर्मेनियमचं दुसरं दुखणं उष्णतेचं: तापला की जास्त करंट ओढतो आणि त्याने आणखी तापतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागे हे घडायला वेळ लागत नाही. आउटपुट ट्रान्झिस्टरखालची, वीज अडवणारी अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट म्हणूनच नीट बसवा.

मित्राच्या सेटमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टरही गेला होता आणि त्याला सिग्नल पोचवणारा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरही जळालेला. तसा ट्रान्सफॉर्मर शोधत बसण्यात अर्थ नव्हता, त्याने बोर्ड बसवलं ते योग्यच केलं. टीडीए २००३ हा आयसी गाडीच्या रेडिओसाठीच बनलेला आहे: पाच पाय, १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सहा वॉट. मूळ एका ट्रान्झिस्टरच्या आउटपुटपेक्षा हे दुपटीच्या आसपास. तयार बोर्ड शे-दीडशेत मिळतं, संध्याकाळभरात बसतं, आणि आयसीची पाठ ग्राउंडलाच असल्याने अभ्रक लागत नाही. खोलीत ऐकताना त्याचा आवाज माझ्या रेडिओपेक्षा स्वच्छ आहे, हे मान्य करतो. माझ्या रेडिओत निवेदकाचा आवाज जो जाड आणि उबदार येतो, तो मात्र त्यात नाही.

बोर्ड घेताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिलं, नवी स्वस्त क्लास डी (झपाट्याने चालू-बंद होत आवाज वाढवणारी) बोर्डं घेऊ नका. त्यांच्या स्विचिंगची भुणभुण मध्यम लहरीवर पसरते आणि स्टेशन त्याखाली बुडतं. दुसरं, ब्रिज पद्धतीच्या (स्पीकरची दोन्ही टोकं स्वतः चालवणाऱ्या) आयसीत स्पीकरची कुठलीच वायर बॉडीला जोडायची नसते. जुन्या गाडीत एक टोक बॉडीला असलं तर आयसी लगेच जातो. आणि तुमची गाडी मॉरिस मायनरसारखी, बॅटरीचं धन टोक बॉडीला असणारी असेल, तर बोर्डाचा विचारच सोडा. मूळ सर्किट दुरुस्त करा.

पैसे घालण्याआधी दुसरा एखादा चांगला रेडिओ आणून मध्यम लहरीवर तुमच्या गावात काय लागतं ते ऐका. सांगली आकाशवाणीची जागा १२५१ किलोहर्ट्झ. पण देशभर मध्यम लहरीची बरीच प्रक्षेपणं बंद होत आली आहेत, आणि साताऱ्याचं केंद्र एफएमवर आहे, जे या रेडिओला पकडता येत नाही. तरी ऑडिओ दुरुस्त करणं वाया जात नाही. फोनच्या डाव्या-उजव्या वायरी प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून, एका छोट्या स्विचने व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला आणल्या की जुन्याच स्पीकरमधून हवं ते ऐकता येतं. ही सोय दोन्ही मार्गांत सारखीच होते. फोन त्याच वेळी गाडीत चार्जिंगला लावला तर शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा तो बॅटरीवरच ठेवा.

२०१९च्या पुरात बुडालेला सेट असेल तर यातलं काहीच करू नका आधी. गाळ कॉइलच्या डब्यांत शिरलेला असतो आणि स्पीकरचा कागद गेलेला असतो. पुढचा भाग वाजतो की नाही हे कळल्याशिवाय ऑडिओवर रुपया घालू नये.

म्हणजे ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत असतील तर मी मूळ सर्किटच म्हणेन, दोन रविवार गेले तरी. ते दोन्ही गेले असतील तर टीडीए २००३. मित्राने काढलेली जुन्या ऑडिओ सर्किटची पट्टी पिशवीत घालून, कुठली वायर कुठे होती ते कागदावर लिहून, अँबॅसिडरच्या डॅशच्या खणात ठेवली आहे. कुठे तसा ट्रान्सफॉर्मर सापडला तर ती परत बसेल.