फेच, एक्सएचआर की अ‍ॅक्सिऑस: ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवण्यासाठी काय निवडावे?

पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती मागवायची असेल, तर ब्राउझरमधील जावास्क्रिप्टसमोर आज मुख्यतः तीन मार्ग असतात: एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट म्हणजे एक्सएचआर, ब्राउझरमध्येच उपलब्ध असलेले फेच, आणि बाहेरून जोडावी लागणारी अ‍ॅक्सिऑस ही लायब्ररी. थोडी माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात मागवून पडद्यावर दाखवण्यापुरता विचार केला, तर तिघांत डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. खरा फरक रिक्वेस्ट फसते तेव्हा उघड होतो. म्हणून कोणता कोड कमी ओळींत बसतो हे पाहण्याआधी कोणते साधन कशाला अपयश मानते, हे तपासावे.

एक्सएचआरचा उगम मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब अ‍ॅक्सेसच्या कामात आहे. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ सोबत ते आले, नंतर इतर ब्राउझरांनी ते स्वीकारले, आणि २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ हे नाव दिल्यावर ही पद्धत सर्वतोमुखी झाली. त्याची रचना घटनांवर आधारलेली आहे: उत्तर आले की एक हँडलर (त्या घटनेसाठी लिहिलेले फंक्शन), नेटवर्क तुटले की दुसरा, मुदत संपली की तिसरा. एकामागून एक अवलंबून असलेल्या तीन-चार रिक्वेस्ट लिहायच्या झाल्या, की हा कोड वाचणे जिकिरीचे होते. मात्र अपयशाचे प्रकार त्यात मुळातच वेगवेगळे ठेवलेले आहेत, ही जमेची बाजू सहसा कोणी सांगत नाही.

फेच २०१५ मध्ये क्रोम व फायरफॉक्समध्ये आणि २०१७ मध्ये सफारीत आले. ते प्रॉमिस, म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू, परत करते, त्यामुळे असिंक-अवेट या लेखनपद्धतीने सरळ वरून खाली वाचता येईल असा कोड लिहिता येतो. त्याचा सर्वांत मोठा सापळाही येथेच आहे. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) असे उत्तर दिले तरी फेचच्या दृष्टीने रिक्वेस्ट यशस्वीच ठरते, कारण उत्तर आले एवढेच ते पाहते. उत्तराचा कोड २०० ते २९९ च्या दरम्यान आहे की नाही, हे ‘ओके’ या गुणधर्मावरून आपणच तपासायचे असते. ही तपासणी राहून गेली आणि सर्व्हरने चुकीच्या वेळी एचटीएमएलचे त्रुटी-पान पाठवले, तर कोड ते पान जेसन म्हणून वाचू पाहतो, त्रुटी भलत्याच ओळीवर दिसते आणि शोध चुकीच्या दिशेने सुरू होतो.

शिवाय फेचचे प्रॉमिस हेडर, म्हणजे उत्तराच्या सुरुवातीची तपशीलवजा माहिती, मिळताच पूर्ण होते. उत्तराचा मजकूर त्यानंतरही येत असतो आणि मध्येच तुटू शकतो. त्यामुळे मजकूर वाचण्याची ओळही ट्राय-कॅच या त्रुटी पकडणाऱ्या रचनेच्या आतच असली पाहिजे. नेटवर्क नसणे, डोमेन न सापडणे आणि कॉर्सच्या (दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरचे उत्तर पानाला वाचू द्यायचे की नाही हे ठरवणाऱ्या) नियमाने अडवले जाणे या तिन्ही गोष्टी स्क्रिप्टला सारख्याच टाइप-एररच्या रूपात दिसतात. हे सुरक्षेसाठी मुद्दाम केलेले असल्याने नेमके कारण डेव्हलपर टूल्समध्येच पाहावे लागते. मुदत ठरवण्याची सोय फेचमध्ये सुरुवातीला नव्हती. आता अ‍ॅबॉर्ट-सिग्नलची टाइमआउट पद्धत वापरता येते.

अ‍ॅक्सिऑस २०० च्या मालिकेबाहेरच्या प्रत्येक उत्तराला आपणहून त्रुटी मानते, आणि बहुतेक अ‍ॅप्सना हेच वर्तन हवे असते. तिचे खरे बळ इंटरसेप्टरमध्ये, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट वा उत्तर मध्येच हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे: प्रत्येक रिक्वेस्टला टोकन (वापरकर्त्याची ओळख पटवणारा संकेत) जोडणे, किंवा ४०१ (ओळख पटली नाही) आल्यावर टोकन नवे करून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवणे, ही कामे एकाच जागी लिहिता येतात. ब्राउझरमध्ये ती पडद्यामागे एक्सएचआरच वापरते. २०२४ मधील १.७ आवृत्तीपासून फेचचा पर्यायही निवडता येतो. पण ही सोय फुकट नाही. वाचकाच्या फोनवर जास्तीचा कोड उतरतो आणि आवृत्त्या व सुरक्षा-दुरुस्त्यांचा मागोवा आपल्याला घ्यावा लागतो. चार-पाच रिक्वेस्ट असलेल्या पानासाठी हा भार मला अनाठायी वाटतो. अनेक जण एकत्र काम करत असलेल्या मोठ्या प्रकल्पात तो पटण्यासारखा आहे.

मुदत संपणे म्हणजे सर्व्हरने काम केले नाही असे नव्हे, हे तिघांनाही लागू आहे. नोंद किंवा पैसे भरण्याची पोस्ट (सर्व्हरकडे माहिती पाठवणारी) रिक्वेस्ट आंधळेपणाने पुन्हा पाठवणारा कोड कोणत्याही साधनात तितकाच धोकादायक असतो. कॉर्सचेही तसेच: साधन बदलल्याने ते सुटत नाही, परवानगी सर्व्हरलाच द्यावी लागते. फेचमधील ‘नो-कॉर्स’ हा पर्याय त्रुटी दिसेनाशी करतो, पण मिळालेले उत्तर स्क्रिप्टला वाचताच येत नाही.

काही गरजा मात्र निवड परस्पर ठरवून टाकतात. मोठी फाइल चढवताना किती टक्के गेली हे दाखवायचे असेल, तर एक्सएचआर किंवा त्यावर चालणारी अ‍ॅक्सिऑसच हवी; फेचमध्ये तशी थेट घटना नाही. उलट सर्व्हिस वर्करमध्ये (पानापासून वेगळ्या, पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक्सएचआर उपलब्धच नसते. उत्तर तुकड्यातुकड्याने येईल तसे दाखवायचे असेल तर फेच सरस आहे, आणि येथे मराठी मजकुरासाठी एक दक्षता घ्यावी लागते: यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तुकडा त्यांच्या मध्येच तुटू शकतो, म्हणून बाइटांचा मजकूर करणाऱ्या टेक्स्ट-डिकोडरला ‘स्ट्रीम’ हा पर्याय चालू करून द्यावा, अन्यथा मजकुरात मधूनच प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फेच घ्यावे आणि ‘ओके’ची तपासणी, मुदत व जेसन वाचणे एकत्र करणारे स्वतःचे लहानसे फंक्शन लिहून सर्वत्र तेच वापरावे. ज्यांच्याकडे एक्सएचआरवर चालणारा जुना कोड आहे, त्यांनी केवळ जुना म्हणून तो मोडू नये. अपवाद सिंक्रोनस रिक्वेस्टचा: उत्तर येईपर्यंत त्या संपूर्ण पान गोठवून ठेवतात, म्हणून बदलाची सुरुवात त्यांच्यापासून करावी.