पात्राचा मृत्यू लिहिताना : एका ऑनलाइन कार्यशाळेचा अनुभव

गेली अडीच वर्षे मी जी कादंबरी लिहीत आहे, तिच्यातील म्हातारा घड्याळजी एकविसाव्या प्रकरणात मरणार, हे पहिल्या आराखड्यापासूनच ठरलेले होते. तरीही विसावे प्रकरण संपल्यावर चार महिने माझा हात पुढे सरकला नाही. मी मागचीच प्रकरणे पुन्हापुन्हा तपासत बसले, त्याच्या दुकानाचे वर्णन वाढवले, त्याच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा आणून ठेवला. त्याचे आयुष्य लांबवण्यासाठी जे जे करता येईल ते सारे करून पाहिले. अशा अवस्थेत, लाडक्या पात्राचा मृत्यू कसा लिहावा या एकाच विषयावरच्या ऑनलाइन कार्यशाळेत मी नाव नोंदवले. दोन-दोन तासांची चार सत्रे होती, आम्ही बारा जण होतो आणि प्रत्येकाने मृत्यूच्या प्रसंगाचा कच्चा खर्डा आधीच पाठवायचा होता. मार्गदर्शिका स्वतः कादंबरीकार आहेत.

पहिले सत्र ओळखीत आणि उतारे वाचण्यात गेले. दुसऱ्या सत्रात जुन्या लेखकांची उदाहरणे आली आणि तिथे मी प्रथम सावरून बसले. चार्ल्स डिकन्सला 1841 च्या जानेवारीत 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या कादंबरीतल्या छोट्या नेल या मुलीचा मृत्यू लिहिताना अतोनात यातना झाल्या. 1837 मध्ये वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी गेलेल्या आपल्या मेव्हणीचे दुःख या गोष्टीमुळे जणू कालचेच वाटते आहे, असे त्याने मित्राला कळवले होते. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप याची कथा निराळी आहे. क्लबात बसलेले दोन पाद्री त्याच्या कादंबऱ्यांत तीच ती पात्रे परत येतात म्हणून मिसेस प्राउडी या बिशपच्या बायकोच्या पात्रावर टीका करत आहेत, हे त्याच्या कानावर पडले. तो उठून त्यांच्याकडे गेला आणि घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो, असे सांगून मोकळा झाला. त्याने शब्द पाळला, परंतु या कृत्याचा आपल्याला कधीकधी पश्चात्ताप होतो आणि तिच्या भुताच्या सहवासात आपण अजूनही राहतो, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. मार्गदर्शिकांनी ही उदाहरणे केवळ रंजक किस्से म्हणून सांगितली नाहीत. डिकन्सच्या बाबतीत जुन्या, खऱ्या शोकाने नव्या, कल्पित शोकाचे दार उघडले होते. तुमच्या बाबतीत ते कोणी उघडले आहे, असे त्यांनी प्रत्येकाला विचारले. उत्तर मोठ्याने सांगायची सक्ती नव्हती. मी ते वहीत लिहिले, आणि घड्याळजीचे हात माझ्या आजोबांचे आहेत हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातच आले नव्हते.

याच सत्रातील एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. 'आपल्या लाडक्यांचा खून करा' हे प्रसिद्ध वचन पडद्यावर झळकले आणि ते पात्रांना लावले गेले. इंग्रज लेखक-समीक्षक आर्थर क्विलर-कूच यांनी 1914 साली केंब्रिजच्या व्याख्यानात हा सल्ला दिला तेव्हा त्यांचा रोख लेखकाला स्वतःला फार आवडलेल्या नटव्या वाक्यांवर होता, पात्रांवर नव्हता. हा फरक किरकोळ नाही. सुंदर वाक्य कापताना जीव हळहळतो, पण ते वाक्य सकाळी उठून आपल्याशी बोलत नसते.

तिसऱ्या सत्रासाठी ही कार्यशाळा करावी, असे मी निःसंकोच म्हणेन. माझ्या खर्ड्यात घड्याळजी मरताना अकरा वाक्ये बोलत होता. मार्गदर्शिकांनी मला त्या वाक्यांखाली दोन रंगांत रेघा ओढायला सांगितल्या : कथेला ज्याची गरज आहे ते निळे, आणि मला निरोप घेता यावा म्हणून जे लिहिले गेले ते लाल. नऊ वाक्ये लाल निघाली. ती खोडून टाका, असे त्या म्हणाल्या नाहीत. वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि तिथे हवा तेवढा निरोप घ्या, तो तुमचा आहे, वाचकाला त्याची गरज नाही, एवढेच त्यांनी सांगितले. माझ्या मते लेखकाचा शोक आणि कथेतल्या माणसांचा शोक इतक्या साध्या रीतीने वेगळा करून दाखवणारा दुसरा उपाय नाही. आपले पात्र मरणार म्हणून आपण त्याला मरण्याआधी अकारण थोर, समजूतदार आणि बोलके करून टाकतो, हे बाराही खर्ड्यांत कमी-अधिक दिसत होते.

त्यानंतर मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, 'मृत्यू' हा शब्द न वापरता लिहायची होती. मी दुकानातल्या शिकाऊ मुलाला भिंतीवरच्या घड्याळांना एकामागून एक चावी द्यायला लावले. टेबलावर भिंग तसेच पडले होते आणि त्याच्या काठावर म्हाताऱ्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा होता. एक घड्याळ म्हातारा नेहमी पाच मिनिटे पुढे ठेवत असे. ते बरोबर लावावे की तसेच राहू द्यावे, हे मुलाला कळेना. तिथवर आल्यावर मी कॅमेरा बंद केला आणि बराच वेळ रडले. कोणीही हाक मारली नाही, घाई केली नाही. ही शांतता राखण्याची समज मला फार मोलाची वाटली.

चौथे सत्र त्या मानाने उरकल्यासारखे झाले. प्रसंग लिहून झाल्यावर येणारा रितेपणा, काही दिवस हस्तलिखितापासून दूर राहण्याची गरज, पुढच्या प्रकरणात त्या पात्राचा आवाज चुकून दुसऱ्याच्या तोंडी उमटणे, या सगळ्याला मिळून जेमतेम अर्धा तास मिळाला. उरलेला वेळ प्रकाशनविषयक प्रश्नोत्तरांत गेला, ज्यासाठी आम्ही तिथे आलोच नव्हतो. लेखी अभिप्राय सात दिवसांत मिळेल असे सांगितले होते. मला तो सोळाव्या दिवशी मिळाला. तो बारकाईने लिहिलेला होता हे खरे, परंतु असा प्रसंग उघडा टाकून वाट पाहणे जड जाते, आणि याची जाणीव सर्वांत आधी याच कार्यशाळेला असायला हवी.

ज्यांनी मृत्यूचा प्रसंग अजून मुळीच लिहिलेला नाही, त्यांनी इतक्यात नाव नोंदवू नये. कितीही वाईट असो, पण हाताशी खर्डा नसेल तर तिसऱ्या सत्रात रेघा ओढायला काहीच उरत नाही. मी एकविसावे प्रकरण त्यानंतर सहा दिवसांत पूर्ण केले. घड्याळजी आता दोनच वाक्ये बोलतो. उरलेली नऊ वाक्ये त्या दुसऱ्या फाइलमध्ये आहेत, त्यांत आणखी पुष्कळ भर पडली आहे, आणि मुलाने ते घड्याळ पाच मिनिटे पुढेच ठेवले आहे.