टॉर्चचा झोत सुधारायचाय: काचेला फिल्म की दाणेदार रिफ्लेक्टर?

टॉर्च भिंतीवर मारली की मधे पांढराफटक ठिपका आणि भोवती पिवळट कडं. ज्यांना हे खटकत नाही ते सुखी आहेत. मला खटकतं, म्हणून घरच्या घरी दोन्ही उपाय करून पाहिले. एक, काचेला खिडकीची दुधी फिल्म. दुसरा, आतला गुळगुळीत रिफ्लेक्टर काढून दाणेदार बसवायचा. इंग्रजीत याला संत्र्याच्या सालीचंच नाव आहे. नागपूरच्या माणसाचा कल आधी कुठे जाणार, सांगायला नको.

रिफ्लेक्टर बदलल्यावर कडं विरघळतं आणि झोत फिल्मपेक्षा लांब जातो, यात वाद नाही. कटकट आहे ती बसवण्यात. एलईडी बरोबर मध्यात यायला हवा. भोवतीची प्लॅस्टिकची चकती केसभर सरकली की ठिपका एका अंगाला, घाईत लावलेल्या टिकलीसारखा. मी चार वेळा टॉर्च उघडली. एकदा तर चकती टेबलावरच राहिली, तसंच तोंड आवळलं. ॲल्युमिनियमचा रिफ्लेक्टर एलईडीच्या डाखाला टेकला आणि टॉर्च लागेचना. पाचव्यांदा ठिपका मधे आला, पण रिफ्लेक्टरवर माझ्या अंगठ्याचा ठसा! तो पुसायची सोय नाही, पुसलं की चरे पडतात. तो ठसा अजून आहे. उजेडात काही फरक पडत नसेलही, पण मला तो माहीत आहे ना.

फिल्मचं काम पाच मिनिटांचं. काच फिल्मवर ठेवून गोल आखायचा, कापायचा, चिकटवायचा. बाथरूमच्या खिडकीची जाड फिल्म नको, फारच उजेड खाते. पहिल्यांदा मी फिल्म बाहेरून लावली होती. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत राहून कडा वळल्या, त्यांत धूळ बसली. मग आतून लावली. दोन उन्हाळे झाले, जागची हलली नाही.

वस्तूंचे रंग ओळखायचं म्हणाल तर दोन्ही उपाय निरुपयोगी. लाल वायर कुठली नि तपकिरी कुठली, हे नीट दिसायला ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप, जास्तीत जास्त १००) असलेला एलईडीच लागतो.

फिल्मची उणीव काटोलजवळ मामांच्या बागेत कळली. रात्री माझी टॉर्च हातात घेऊन ते म्हणाले, "झाड दिसते बाप्पा, पण धुऱ्यावर डुक्कर आलं तर दिसन का?" नव्हतं दिसत. फिल्मने उजेड पसरतो, लांबच्या बांधापर्यंत पोचत नाही. दाणेदार रिफ्लेक्टरवाली त्यांनाच देऊन टाकली.

शेतात राखण असेल तर कदाचित तीच बरी. पण लाइट गेल्यावर फ्यूज शोधणं, जिना उतरणं, गाडीखाली डोकावणं एवढंच असेल, तर एक रात्र काचेवर बटर पेपर रबरबँडने बांधून वापरून पाहा. माझ्या मते पेचकस काढायची वेळच येणार नाही.