व्हेप शोधू नका, मेडिकलातलं निकोटीनचं चिंगम घ्या

मी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगात कापसाच्या ग्रेडिंगचं काम करतो. कापसाच्या गंजीजवळ काडी ओढता येत नाही, त्यामुळे सिगारेटवाले सगळे गेटबाहेरच्या पानठेल्यावर. ऐन सीझनमध्ये आत गाड्यांची रांग आणि जीव मात्र ठेल्याकडे, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. आता सिगारेट सुटली आहे. ती निकोटीनच्या चिंगमने सुटली आणि त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण गावातली पोरं मला येऊन विचारतात, "भाऊ, थे व्हेप कुठी भेटते?"

तर आधी व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं. माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो, त्याची सिगारेट व्हेपनेच सुटली. त्यात जळत काही नाही. बॅटरीवर तार तापते, निकोटीनचा द्रव वाफ होऊन छातीत जातो, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचा तो मारा नाही. तिकडची सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडणाऱ्याला व्हेप सुचवते. निर्धोक म्हणत नाही, सिगारेटपेक्षा कमी घातक म्हणते, आणि जो ओढतच नाही त्याने सुरू करू नये असंही बजावते. अभ्यासांतही निकोटीनचं चिंगम किंवा कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी यांपेक्षा व्हेपने सिगारेट सोडणारे जास्त निघाले आहेत. हे मी लपवणार नाही. पण तिकडे त्या द्रवात एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या वर निकोटीन चालत नाही, आणि किती आहे ते वर छापावं लागतं. एकदा वापरून फेकायचे व्हेप तर त्यांनी 1 जून 2025 पासून विकायलाच बंद केले.

आपल्याकडे 2019 च्या कायद्याने व्हेप बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी चोरून मिळतं. यवतमाळात एका ठेल्यावर मला दाखवलं होतं. रंगीत लांबट नळी, वर आंब्याचं चित्र, बाजूला परक्या लिपीत बारीक ओळी. निकोटीन किती, बनवलं कोणी, कधी, कशाचा पत्ता नाही. ठेलेवाला म्हणे, "याच्यात काईच नसते भाऊ, नुसती वाफ." 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी अन् मजूर मेले. त्यानंतर मी लेबल वाचल्याशिवाय कोणतीच बाटली उघडत नाही. बेनामी वस्तू छातीत कशी ओढू?

चिंगम मात्र मेडिकलात उघड मिळतं. पाकिटावर डोस, तारीख, कंपनी, सगळं छापलेलं. 2 मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय मिळतं, 4 चं डॉक्टरच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासात ज्याला पहिली सिगारेट लागते त्याला 2 पुरत नाही, असं ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला 4 वर घातलं. पुढे 2 वर आलो.

खरी गोष्ट चावण्यात आहे. साधं चिंगम चघळतो तसं हे चघळायचं नाही. सावकाश चावायचं, जिभेला मिरी लागल्यासारखी चुणचुण सुटली की थांबायचं आणि गाल अन् हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं. चुणचुण ओसरली की पुन्हा थोडं चावून दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, पोटातून त्याचा उपयोग नाही. भराभर चावून लाळ गिळली तर उचकी, मळमळ, छातीत जळजळ. चिंगम अर्ध्यात सोडून दिलेली बहुतेक माणसं मी इथेच अडकलेली पाहिली.

दुसरी अट चहाची. चिंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक काही नाही, कारण आंबटपणात निकोटीन तोंडातून आत जात नाही. माझी सिगारेट चहाला बांधलेली होती. कप खाली ठेवला की बोटं खिशाकडे जात, आणि नेमकी तीच पंधरा मिनिटं हातात काही नाही. मी तेवढा वेळ गेटवर थांबतच नसे, सरळ आत येऊन कापसाची ओल तपासायला घेई. सगळ्यात अवघड काळ तोच, आणि त्याला चिंगमजवळ उत्तर नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

आणि खर्रा. ठेल्यावरचे दोस्त म्हणत, "चाऊनच रायला तं खर्रा खाय ना बे." प्लास्टिकवर सुपारी, तंबाखू, चुना घोटून समोर करत. सिगारेट सोडून खर्ऱ्यावर गेलेले आमच्याकडे घरोघरी आहेत. माझ्या चुलतभावाचं तोंड आता दोन बोटंही उघडत नाही. वहिनी पोळी वरणात कुस्करून देते, तीही तो कशीबशी आत ढकलतो. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. माझी कळकळीची विनंती आहे, धूर सोडताना खर्ऱ्याला हात लावू नका.

किमतीबद्दल तक्रार आहे. एक चिंगम जवळपास एका सिगारेटच्या भावात पडतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दर तासा-दोन तासाला लागतं, म्हणजे लगेच काही वाचत नाही. साधारण तीन महिन्यांचा कोर्स आहे, हळूहळू कमी करत न्यायचा. 2022 च्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हे आहे, मग आमच्या आरोग्य केंद्रात मागितलं तेव्हा का नव्हतं? मजुराने पहिल्या महिन्याचा खर्च कुठून आणायचा?

चिंगमला पाचपैकी चार देतो. एक गुण किमतीचा आणि जबड्याच्या दुखण्याचा कापला. कवळीवाल्यांच्या दाताला ते चिकटतं, त्यांनी पट्टीचं विचारावं. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. पाकीट लेकरांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. मेडिकल लांब असेल आणि कोणाशी बोलायचं असेल तर सिगारेटच्या पाकिटावरच नंबर छापलेला असतो, 1800-11-2356, फोनला पैसे लागत नाहीत.